एसएसडीची देखभाल : नेमकं काय करायचं, काय सोडून द्यायचं?

गारगोटी

घरच्या संगणकात एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी फ्लॅश चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) बसवली की सल्ल्यांची लांबलचक यादी समोर येते. डिफ्रॅग (फाइलचे विखुरलेले तुकडे सलग मांडणं) बंद करा, पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) बंद करा, हायबरनेशन (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून संगणक बंद करणं) बंद करा, इंडेक्सिंग बंद करा, टेम्प फोल्डर हार्ड डिस्कवर न्या, ब्राउझरची कॅश रॅममध्ये ठेवा. यातले बरेच सल्ले ६४ जीबीच्या ड्राइव्ह मोठ्या वाटायच्या तेव्हाचे आहेत.

फ्लॅशच्या पेशी दर लेखनागणिक थोड्या झिजतात. १ टीबीच्या टीएलसी (एका पेशीत तीन बिट ठेवणाऱ्या) ड्राइव्हला साधारण ६०० टीबी लेखनाची हमी मिळते. रोज ४० जीबी लिहिलं तरी वर्षाला १४.६ टीबी होतात, म्हणजे हमीची मर्यादा गाठायला ४१ वर्षं. घरी रोज ४० जीबी लिहिणारे फार थोडे. त्यामुळे झिजेच्या भीतीने यंत्रणेच्या सोयी बंद करण्यात अर्थ नाही, असं माझं मत आहे. ट्रिम (उडवलेल्या फाइलची जागा मोकळी झाली हे ड्राइव्हला कळवणारी आज्ञा) चालू असावं, थोडी जागा मोकळी असावी आणि बॅकअप असावा, एवढं पुरे.

दोन प्रश्न चर्चेसाठी :
१. वरच्या यादीतलं काही आजही पाळण्यासारखं आहे का?
२. कपाटात वर्षानुवर्षं नुसत्या पडलेल्या एसएसडीवरचा डेटा टिकतो का? याचं नीट उत्तर हवं आहे. हल्ली लोक फोटोंचा संग्रह बाहेरच्या एसएसडीवर ठेवून निर्धास्त होतात.

टिपकागद

डिफ्रॅगपासून सुरुवात करतो, कारण तिथे अर्धवट सल्ल्याने नुकसान होतं.

हार्ड डिस्कमध्ये फाइलचे तुकडे विखुरले की हेडला इकडून तिकडे फिरावं लागतं, दर उडीला १०-१५ मिलिसेकंद जातात. एसएसडीत हेडच नाही. कुठलाही तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर हाती येतो. शिवाय विंडोजला दिसणारा पत्ता आणि चिपमधली खरी जागा यांचा संबंध कंट्रोलर (ड्राइव्हमधली नियंत्रक चिप) सतत बदलत असतो. वरून सलग दिसणारी फाइल आत सलग असतेच असं नाही. म्हणून जुन्या पद्धतीचं डिफ्रॅग म्हणजे नुसतं फुकटचं लेखन.

पण म्हणून विंडोजचं 'ऑप्टिमाइज ड्राइव्ह्ज'चं वेळापत्रक बंद करू नका. विंडोज ८ पासून ते एसएसडी ओळखतं आणि डिफ्रॅगऐवजी सगळ्या मोकळ्या जागेचं ट्रिम परत पाठवतं. त्या खिडकीत 'मीडिया टाइप'च्या रकान्यात 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलंय ना, तेवढं पाहा. तिथे 'हार्ड डिस्क' दिसत असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'विनसॅट फॉर्मल' चालवा, बहुतेक वेळा ओळख सुधारते. ती सुधारेपर्यंत मात्र वेळापत्रकातून तो ड्राइव्ह काढून ठेवा.

सांजवात

थोडक्यात, एसएसडीला डिफ्रॅग म्हणजे टक्कल पडलेल्या डोक्याला कंगवा. :)

उंबरठा

वाचनखूण साठवली. ट्रिम म्हणजे नेमकं काय होतं? आणि ते चालू आहे हे कसं कळतं?

ध्रुवपद

@उंबरठा, फ्लॅशमध्ये लिहिण्याचं एकक लहान आणि पुसण्याचं एकक मोठं असतं, सगळं तिथून सुरू होतं. लिहिलं जातं पानावर, पान ४ ते १६ केबीचं. पुसला जातो अख्खा ब्लॉक, तो काही एमबींचा. लिहिलेल्या पानावर परत लिहिता येत नाही, आधी ब्लॉक पुसावा लागतो.

आता तुम्ही फाइल उडवली तर फाइल सिस्टिम फक्त आपल्या वहीत 'ही जागा मोकळी' असं नोंदवते. ड्राइव्हला ते कळत नाही. त्याच्या लेखी तो डेटा जिवंतच असतो, आणि ब्लॉक साफ करताना तो ही रद्दी पानंसुद्धा दुसरीकडे उचलून लिहितो. तुम्ही १ जीबी लिहिलंत की आत दोन-तीन जीबी लिहिलं जाऊ शकतं. ट्रिमची आज्ञा ड्राइव्हला सांगते की अमुक पत्त्यांवरचा डेटा आता नको. मग तो ती पानं उचलत नाही, वेळ मिळेल तेव्हा ब्लॉक पुसून तयार ठेवतो.

विंडोजमध्ये ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एफएसयूटिल बिहेविअर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय' ही आज्ञा द्या. एनटीएफएससमोर ० आलं तर ट्रिम चालू, १ आलं तर बंद. ० म्हणजे बंद असा समज होतो. इथे प्रश्नच 'बंद केलंय का?' असा आहे, म्हणून ० हवं.

लिनक्समध्ये 'एफएसट्रिम -एव्ही' सुडोसह चालवा, किती जागा ट्रिम झाली ते छापून येतं. कायमसाठी 'एफएसट्रिम.टायमर' सुरू करा, तो आठवड्यातून एकदा चालतो आणि घरच्या वापराला तेवढं पुरतं. माउंट करताना 'डिस्कार्ड' पर्याय देऊन प्रत्येक डिलीटमागे ट्रिम पाठवायची गरज नाही, काही ड्राइव्ह त्याने अडखळतात.

दोन ठिकाणी ट्रिम गुपचूप अडतं. एक, लक्सने (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट केलेलं पार्टिशन : तिथे ते मुळात बंद असतं, क्रिप्टटॅबमध्ये 'डिस्कार्ड' लिहावं लागतं. त्याची किंमत अशी की कोणती जागा रिकामी आहे हे बाहेरून ओळखू येतं. घरच्या संगणकाला हे बहुधा चालण्यासारखं आहे. दोन, यूएसबी केसिंग : आतल्या ब्रिज चिपने यूएएसपी (यूएसबीवरची वेगवान देवाणघेवाणीची पद्धत) आणि अनमॅप (ट्रिमसारखीच आज्ञा) दोन्ही पोचवले तरच ट्रिम ड्राइव्हपर्यंत जातं.

किल्लीवाला

गारगोटींशी बव्हंशी सहमत. पेजफाइलबद्दल भर घालतो.

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये विंडोज ७ च्या वेळीच लिहिलं होतं की त्यांनी गोळा केलेल्या नोंदींत पेजफाइलमधून वाचणं हे लिहिण्याच्या सुमारे ४० पट होतं, आणि वाचनं बहुतेक लहान तुकड्यांची. म्हणजे एसएसडीला सगळ्यात जमणारं काम. पेजफाइल बंद केली की रॅम भरल्यावर प्रोग्रॅम आपटतात आणि निळा पडदा आला तर त्याची नोंदही लिहिली जात नाही. ती 'सिस्टिम मॅनेज्ड' ठेवा आणि विसरून जा.

हायबरनेशनचं वेगळं आहे. हायबरफिल ही फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा अडवते. १६ जीबी रॅमला ६.४ जीबीच्या आसपास. १ टीबीवर याने काही बिघडत नाही, १२० जीबीवर मात्र ही जागा मोलाची. तिथे 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' करा. कारण जागेचं, झिजेचं नाही. त्याने 'फास्ट स्टार्टअप'ही बंद होतं हे ध्यानात असू द्या.

इंडेक्सिंग बंद करून काही मिळत नाही, फक्त शोध मंदावतो.

पानझड

४१ वर्षांचं गणित बरोबर आहे, पण त्यावरून निघणारा दिलासा मला धोक्याचा वाटतो.

टीबीडब्ल्यू (हमीतलं एकूण लेखन, वरचे ६०० टीबी) हा आकडा फक्त पेशींच्या झिजेबद्दल आणि हमीच्या कराराबद्दल बोलतो. घरात एसएसडी जाते तेव्हा बहुतेक वेळा पेशी झिजलेल्या नसतात. कंट्रोलर जातो, पॉवरचा एखादा भाग जातो, किंवा फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) पत्त्यांचा तक्ता वाचू शकत नाही. 'वापर ३ टक्के' दाखवणारा ड्राइव्ह दुसऱ्या दिवशी बायोसमध्ये दिसतच नाही. हार्ड डिस्क निदान आधी कुरकुरते, मंदावते, खराब सेक्टर दाखवते. एसएसडी अनेकदा कसलीच सूचना देत नाही.

फर्मवेअरची दोन जाहीर उदाहरणं. २०१३ च्या सॅमसंग ८४० इव्होमध्ये बरेच दिवस न हललेला डेटा फार हळू वाचला जायचा. २०१४ मध्ये आलेली दुरुस्ती पुरली नाही, २०१५ मध्ये दुसरी आली. आणि २०१९ च्या नोव्हेंबरात एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने कळवलं की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील आणि डेटाही जाईल. तो आकडा २ चा १५ वा घात, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या ड्राइव्ह एकाच वेळी जाणार, मग रेडचाही (अनेक डिस्क जोडून एखादी गेली तरी डेटा वाचवण्याच्या पद्धतीचाही) उपयोग नाही. नवं फर्मवेअर चढवणं हाच उपाय होता.

म्हणून तुमच्या यादीत चौथी गोष्ट घाला : फर्मवेअर. निर्मात्याच्या टूलमध्ये सहा महिन्यांतून एकदा पाहा. अपडेटच्या आधी बॅकअप घ्या, लॅपटॉप चार्जरला लावा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) असेल तर 'सस्पेंड' करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. अपडेटनंतर नुसतं रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून चालू करा.

गारगोटी

@पानझड, फर्मवेअर यादीत घेतलं. पण झिजेच्या भीतीने सोयी बंद करू नयेत हा मुद्दा तरीही उभा राहतो. तुम्ही सांगितलेल्या बिघाडांना पेजफाइल बंद करून आळा बसत नाही.

पानझड

बरोबर, तिथे वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या ४१ वर्षांकडे पाहून कोणी बॅकअपला सुट्टी देऊ नये.

बारा_गडगडे

अचानक वीज जाणं अजून कोणी काढलं नाही, आणि माझ्या मते घरच्या एसएसडीचा तोच मोठा शत्रू.

सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये कपॅसिटर असतात, वीज गेली तरी हातातलं लेखन संपवायला पुरेल एवढा साठा त्यांत असतो. घरगुती ड्राइव्हमध्ये ते सहसा नसतात. त्या क्षणी पत्त्यांचा तक्ता लिहिला जात असेल तर तो अर्धवट राहतो. म्हणून :

– डेस्कटॉपला यूपीएस लावा. शिस्तीत बंद करण्यापुरती पाच मिनिटं मिळाली तरी बास.
– डिव्हाइस मॅनेजरमधल्या 'राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा' या चौकटीत खूण करू नका. वेग किंचित वाढतो, पण फ्लश झालं असं समजून चाललेला डेटा ड्राइव्हच्या रॅममध्येच असतो.
– पॉवरचं बटण दाबून धरून संगणक बंद करायची सवय सोडा. एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणाऱ्या वेगवान) ड्राइव्हच्या स्मार्ट नोंदीत (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीच्या ठेवतो त्या नोंदीत) 'अनसेफ शटडाउन्स' मोजले जातात, तो आकडा महिन्याला किती वाढतो ते पाहा.

वीज गेल्यावर साटा (डेटा आणि पॉवरच्या वेगळ्या केबलने जोडलेला) ड्राइव्ह दिसेनासा झाला तर लगेच मेला म्हणू नका. डेटा केबल काढा, पॉवर केबल ठेवा, संगणक चालू करून २० मिनिटं तसाच ठेवा. बंद करून पॉवर अर्धा मिनिट काढा, परत २० मिनिटं. मग दोन्ही केबल लावून पाहा. या काळात कंट्रोलर तक्ता पुन्हा उभा करायचा प्रयत्न करतो. परत दिसला तर पहिलं काम कॉपी, बाकीचं नंतर.

टिपकागद

+१. स्मार्ट कसं वाचायचं तेही लिहितो, कारण 'हेल्थ ९८%' एवढंच पाहून लोक थांबतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर 'स्मार्टसीटीएल -ए'.

एनव्हीएमईसाठी पाहायच्या ओळी : 'पर्सेंटेज यूज्ड' म्हणजे हमीच्या आयुष्यापैकी किती वापरलं (ते १०० च्या पुढेही जाऊ शकतं, ड्राइव्ह तिथे थांबत नाही). 'अव्हेलेबल स्पेअर' १०० वरून घसरू लागलं तर राखीव ब्लॉक खर्च होत आहेत. 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' शून्यच हवं, एक जरी आला तरी त्या दिवशी पूर्ण बॅकअप. 'डेटा युनिट्स रिटन'मधलं एक युनिट ५,१२,००० बाइट्सचं, म्हणजे २ कोटी युनिट्स म्हणजे १०.२४ टीबी.

साटामध्ये सी७ म्हणजे १९९ क्रमांकाची सीआरसी त्रुटी वाढत असेल तर आधी केबल बदला. दोष ड्राइव्हमध्ये क्वचितच असतो. हा आकडा परत शून्यावर येत नाही, वाढायचा थांबला की काम झालं.

उंबरठा

माझा खरा प्रश्न पुढचा. ५०० जीबीची क्यूएलसी ड्राइव्ह आहे, ९० टक्के भरलेली. मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीला भरपूर वेग, मग एकदम हार्ड डिस्कपेक्षा हळू. ड्राइव्ह बिघडली का?

ध्रुवपद

बिघडलेली नाही. क्यूएलसीच्या एका पेशीत ४ बिट म्हणजे १६ पातळ्या अचूक बसवाव्या लागतात, म्हणून थेट लेखन हळू. हे झाकायला ड्राइव्ह मोकळ्या पेशींत तात्पुरतं एकेक बिटच लिहितो, तीच एसएलसी कॅश. सावकाशीने तो डेटा चार-चार बिटांत दाटून बसवतो. एक बिट लिहिलं की त्या पेशीतली चार बिटांची जागा अडते, त्यामुळे ५० जीबी मोकळे असतील तर कॅश फार तर १२ जीबीच्या आसपास, प्रत्यक्षात कमीच. ती भरली की खरा वेग उघडा पडतो.

उपाय : जागा मोकळी करा, ट्रिम चालवा, संगणक तासभर चालू पण रिकामा ठेवा. स्लीप नको, त्यात ड्राइव्हही झोपतो.

किल्लीवाला

मोकळी जागा २० टक्के ठेवा.

पानझड

२० टक्के हा सरसकट आकडा मला पटत नाही. २ टीबीवर ४०० जीबी अडकवून ठेवायचे? ड्राइव्हकडे स्वतःची राखीव जागा असतेच. चिप १०२४ च्या पटीत आणि विक्री १००० च्या पटीत, यातल्या फरकातूनच सुमारे ७ टक्के उरतात. १ टीबी विंडोजमध्ये ९३१ दिसतं, पण ते विंडोजच्या मोजमापामुळे. राखीव जागा त्या आकड्यात धरलेलीच नाही. टीएलसी, ट्रिम चालू, वापर कार्यालयीन : १० टक्के पुरे. क्यूएलसी किंवा रोज मोठे व्हिडिओ लिहिणारा : २० टक्के. आणि ट्रिम पोचत असेल तर 'ओव्हरप्रोव्हिजनिंग'साठी (ड्राइव्हला जादा राखीव जागा देण्यासाठी) वेगळी जागा पार्टिशनबाहेर सोडायची गरज नाही, फाइल सिस्टिममधली मोकळी जागा तेच काम करते.

किल्लीवाला

ट्रिम पोचत असेल तर, हे महत्त्वाचं. यूएसबी केसिंगमध्ये पोचत नसेल तर पार्टिशनच १० टक्के लहान करा. आणि ते कोऱ्या, सिक्युअर इरेज केलेल्या (ड्राइव्हच्याच आज्ञेने पूर्ण पुसलेल्या) ड्राइव्हवर करा. आधी भरलेली जागा नुसती पार्टिशनबाहेर टाकून ड्राइव्हला ती मोकळी कळत नाही.

सांजवात

अवांतर : एम.२ ड्राइव्हला (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीला) हीटसिंक लावावा का? ड्राइव्हवरचा स्टिकर काढायचा का?

बारा_गडगडे

स्टिकर काढू नका. हमी जाते, आणि काहींत तो स्टिकरच तांब्याचा थर असलेला, उष्णता पसरवणारा असतो. काढायची ती हीटसिंकच्या थर्मल पॅडवरची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी. ती तशीच ठेवून हीटसिंक बसवला की तापमान उतरत नाही आणि कारण सापडत नाही.

पीसीआयई ३ च्या ड्राइव्हला घरच्या वापरात हीटसिंक बहुधा लागत नाही. ४ ला मदरबोर्डबरोबर आलेला लावा. ५ ला हवाच. मोठी कॉपी चालू असताना तापमान पाहा : ७० अंशांच्या खाली असेल तर विसरून जा, ८० च्या आसपास गेलं तर ड्राइव्ह स्वतःच वेग कमी करतो.

बसवताना २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. त्या लांबीच्या छिद्रात उंचवट्याचा खांब आधी बसवा. खांबाशिवाय स्क्रू पिळला तर ड्राइव्ह वाकतो. आणि मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा : काही बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. जुन्या लॅपटॉपमधले काही एम.२ स्लॉट फक्त साटा ओळखतात, त्यात एनव्हीएमई बसते पण दिसत नाही.

टिपकागद

चुकून उडवलेल्या फाइलबद्दल एक ओळ राहिली. ट्रिम झालं की रिकव्हरी सॉफ्टवेअरला तिथे शून्यं मिळतात. 'क्विक फॉरमॅट'नेही विंडोज सगळ्या जागेचं ट्रिम पाठवतं. हार्ड डिस्कवरची 'नंतर काढू परत' ही सोय इथे धरू नका.

गारगोटी

चर्चा उत्तम चालली आहे, पण दुसरा प्रश्न मागे पडला. कपाटातल्या एसएसडीचं काय?

ध्रुवपद

फ्लॅशच्या पेशीत डेटा म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार. तो हळूहळू गळतो. किती वेगाने, हे दोन गोष्टींवर : पेशी किती झिजली आहे आणि साठवणीचं तापमान.

जेडेक या मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जेईएसडी२१८ मानकात घरगुती ड्राइव्हची अट अशी : हमीचं सगळं लेखन संपल्यावर, विजेविना ३० अंशांत ठेवून १ वर्ष डेटा टिकावा. सर्व्हर वर्गासाठी ४० अंशांत ३ महिने. 'एसएसडी वर्षभरात विसरते' ही ओरड यातूनच आली, पण तो आकडा पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हचा आहे. ६०० पैकी ५ टीबी लिहिलेला ड्राइव्ह त्याहून बराच जास्त टिकतो. तरी किती, याची हमी निर्माता देत नाही. म्हणून एकमेव प्रत एसएसडीवर ठेवायची नाही. तापमान वाढलं की गळती झपाट्याने वाढते, तेव्हा पोटमाळा आणि बंद गाडी ही ठिकाणं वर्ज्य.

पानझड

संग्रहासाठी हार्ड डिस्कच घ्या, दोन घ्या, एक घराबाहेर ठेवा. एसएसडी तिसरी प्रत म्हणून चालेल.

उंबरठा

दर सहा महिन्यांनी पाच मिनिटं यूएसबीला लावली की भार परत भरतो ना?

ध्रुवपद

नुसत्या विजेने पेशी भरत नाहीत. डेटा नव्याने लिहिला जातो तेव्हाच भार नवा होतो. काही कंट्रोलर पार्श्वभूमीत जुने ब्लॉक तपासून कमकुवत झालेले परत लिहितात, पण त्यांना वेळ लागतो आणि सगळ्यांत ही सोय असते असं नाही. म्हणून सहा महिन्यांनी :

लावा आणि सगळा डेटा एकदा वाचा. लिनक्सवर 'डीडी' वापरा, 'आयएफ'ला तो ड्राइव्ह आणि 'ओएफ'ला डेव्ह-नल. या दोन्हींची अदलाबदल झाली तर मात्र डेटा जाऊ शकतो, तेव्हा एंटर दाबण्याआधी ओळ वाचा. वाचताना चूक-दुरुस्तीला जास्त मेहनत पडलेली पानं कंट्रोलरला कळतात आणि चांगला कंट्रोलर ती हलवतो. वाचून झाल्यावर ड्राइव्ह आणखी दोन-तीन तास जोडलेला राहू द्या.

टिपकागद

वाचता आलं म्हणजे बरोबर वाचलं, असं गृहीत धरू नका. संग्रह करतानाच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढून यादी ड्राइव्हवर आणि दुसरीकडेही ठेवा. लिनक्समध्ये 'एसएचए२५६सम -सी', विंडोजमध्ये एकेका फाइलसाठी 'सर्टयूटिल -हॅशफाइल', आणि फाइलच्या नावापुढे 'एसएचए२५६' लिहा. हॅश तपासताना सगळा डेटा वाचला जातोच, म्हणजे वेगळ्या डीडीची गरज उरत नाही.

गारगोटी

आणि दोन वर्षांनी सगळा डेटा नव्याने लिहायचा असेल तर? त्याच ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट?

ध्रुवपद

त्याच ड्राइव्हवर नको, मधेच काही बिनसलं तर हातात काही उरत नाही. दुसऱ्या डिस्कवर उतरवा, हॅश जुळवा, एसएसडी फॉरमॅट करून ट्रिम पोचू द्या, मग परत भरा आणि पुन्हा हॅश जुळवा. १ टीबीचं काम एका संध्याकाळचं, आणि त्यात झीज १ टीबीची, म्हणजे ६०० मधला एक.